गेम अडखळणे (डेस्कटॉप संगणक)

डेस्कटॉप संगणकावर व्हिडिओ गेम त्या यंत्राच्या कुवतीपेक्षा मंद किंवा झटके देत चालणे, आणि त्यामागचे कारण शोधण्याची पद्धत. इंटरनेटच्या विलंबामुळे, म्हणजे पिंग वाढल्यामुळे, होणारा खोळंबा यात धरलेला नाही. तोही ‘लॅग’च म्हणवला जातो, पण त्याचा इलाज राउटरपाशी असतो.

सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागोमाग येणारी चित्रे) हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर जेमतेम ६.९. प्रत्येक फ्रेमसाठी सीपीयू (मुख्य प्रोसेसर) गेममधल्या हालचालींचा हिशेब करतो, काय रेखाटायचे ते जीपीयूला (ग्राफिक्स कार्डावरच्या प्रोसेसरला) कळवतो आणि जीपीयू ते रेखाटतो. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबावे लागते. सरासरी एफपीएसमध्ये (सेकंदाला येणाऱ्या फ्रेमच्या संख्येत) हे थांबणे लपून जाते. ५९ फ्रेम झटपट आल्या आणि एकच १०० मिलिसेकंद अडली, तरी सरासरी ६० येऊ शकते. खेळणाऱ्याला मात्र झटका जाणवतोच. ‘द टेक रिपोर्ट’ या संगणक-परीक्षणांच्या संकेतस्थळाचे स्कॉट वॅसन यांनी २०११ मध्ये प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजण्याचा आग्रह धरला. पुढे परीक्षणांमध्ये ‘१ टक्का लो’सारखे (सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा वेग सांगणारे) आकडे रूढ झाले.

निदानाची सुरुवात म्हणूनच मोजणीपासून करावी. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबतचे रिव्हाट्यूनर, किंवा इंटेलचे प्रेझेंटमॉन हे काम फुकट करते. जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर तो पूर्ण क्षमतेने राबतो आहे. ग्राफिक्सची सेटिंग उतरवली की एफपीएस वाढेल. तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर कुठली मर्यादा लावलेली नसेल, तर अडसर बहुधा सीपीयूकडे असतो. इथे टास्क मॅनेजरमधला एकूण आकडा हमखास चकवतो. १६ थ्रेडच्या, म्हणजे एकावेळी १६ कामे चालवणाऱ्या, प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला, तरी एकूण वापरात त्याचा वाटा साधारण ६ टक्केच दिसतो. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. एफपीएस जागचे हलले नाहीत, तर नवे ग्राफिक्स कार्ड घेऊन पैसे वाया जातील.

खर्चाचा विचार त्यानंतरचा. सर्वांत स्वस्त चुका सर्वांत शेवटी तपासल्या जातात, हे दुर्दैव. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच राहिलेला असतो. रॅमची एकच स्टिक असल्याने ड्युअल चॅनेल (दोन मार्गांनी एकदम माहितीची ने-आण) मिळत नाही. ३२०० च्या वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी हा रॅमला तिचा पूर्ण वेग देणारा पर्याय चालू न केल्यामुळे, २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. सुटे भाग आणून घरी जोडलेल्या यंत्रात या गोष्टी आधी पाहाव्यात. रजिस्ट्री क्लीनर आणि ‘गेम बूस्टर’ यांच्या नादी न लागलेलेच बरे. विंडोज ११ मधील मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोय बंद केल्याने काही गेमना फायदा होऊ शकतो, हे खुद्द मायक्रोसॉफ्टने मान्य केले आहे; मात्र त्यात सुरक्षेचा एक थर जातो.

पहिली दहा-पंधरा मिनिटे गेम नीट चालून मग मंदावत असेल, तर उष्णतेवर संशय घ्यावा. तापमान मर्यादेला भिडले की प्रोसेसर स्वतःच क्लॉक (कामाचा वेग) उतरवतो. नुसत्या तापमानाच्या आकड्याने घाबरू नये. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशीच त्यांची रचना आहे. खरा पुरावा म्हणजे खेळताना क्लॉक खाली येणे. साधा कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही, त्यामुळे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की डिसेंबरात सुरळीत चालणारे यंत्रही धापा टाकू लागते. फिल्टरवरची धूळ काढणे, वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे, पंख्यांची दिशा तपासणे हे उपाय. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून बघितल्यावर तापमान एकदम घटले, तर आत हवा खेळत नव्हती.

व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरची मेमरी, अपुरी पडली की अडखळण्याची तऱ्हा वेगळी असते. न मावलेले टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) मुख्य रॅममध्ये जातात आणि तिथून आणताना वेळ लागतो. आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाच्या १२ जीबी आवृत्तीत कार्डावरच्या मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबी आहे, तर कार्डाला बाकी यंत्राशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या १६ लेनमधून एका दिशेने सुमारे ३२ जीबीच जाऊ शकतात. टेक्स्चरची पातळी एका पायरीने उतरवली की बऱ्याचदा काम भागते.

काही झटक्यांत यंत्राचा दोष नसतो. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या ग्राफिक्स-प्रणालींवर चालणाऱ्या अनेक गेममध्ये नवा प्रसंग किंवा इफेक्ट प्रथम दिसताना त्याचे शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) तिथल्या तिथे कंपाइल होतात, म्हणजे जीपीयूच्या भाषेत उतरवले जातात. त्याच जागी पुन्हा गेल्यावर झटका येत नाही. ड्रायव्हर बदलला की साठवलेले शेडर सहसा निकामी होतात आणि कंपायलेशन नव्याने होते. त्यामुळे नव्या ड्रायव्हरची पारख पहिल्याच खेळीवरून करू नये.