ब्रँडन ऑब्रे: शेवटच्या फेरीतला माणूस वर कसा सरकला

ऑगस्ट लागला की अमेरिकेत फँटसी फुटबॉलचे ड्राफ्ट सुरू होतात. म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू फेरीफेरीने वाटून घेऊन कागदावर संघ बांधायचा; ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. आधी धावणारे आणि झेलणारे उचलले जातात. पिझ्झाचे खोके रिकामे झाले की कुणाला तरी आठवतं, अरे, किकर घ्यायचा राहिला. किकर म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा. डॅलस काउबॉइज संघाचा किकर ब्रँडन ऑब्रे मात्र आधीच गेलेला असतो.

तसं पाहिलं तर किकरला मान पहिल्यापासूनचा. १९६२ साली ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून या खेळाचे नियम जुळवले. १९६३ च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी नाव पुकारलं गेलं ते जॉर्ज ब्लँडाचं. तो क्वार्टरबॅक होता, म्हणजे चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. आणि फील्ड गोलही तोच मारायचा, म्हणजे चेंडू दोन खांबांमधून मारून संघाला तीन गुण. थोडक्यात, फँटसीतली पहिली निवडच अर्धी किकरची होती!

तेव्हा किकर समोरून सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने चेंडू मारत. १९६४ मध्ये हंगेरीत जन्मलेला पीट गोगोलाक बफेलो बिल्सकडे आला. तो तिरका धावत यायचा आणि सॉकरसारखा पायाच्या वरच्या भागाने फटका मारायचा. पुढे सगळे तेच करू लागले. १९७४ मध्ये एनएफएल या मुख्य लीगने गोलपोस्ट दहा यार्ड मागे नेले, तरी अंतर वाढतच गेलं. टॉम डेम्प्सीचा १९७० चा ६३ यार्डांचा विक्रम मोडायला २०१३ उजाडलं, आणि मोडला तोही एका यार्डाने. त्यानंतर बारा वर्षांत तो ६८ वर गेला. तो फटका २०२५ मध्ये जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलने मारला.

ऑब्रे याच लाटेवरचा, पण आला आडवाटेने. नोत्र दाम विद्यापीठात तो सॉकर खेळायचा, बचावपटू म्हणून. २०१७ मध्ये टोरंटो एफसी या सॉकर क्लबने त्याला निवडलं, पण जम बसला नाही. मग सॉफ्टवेअर इंजिनिअरची नोकरी. एकदा टीव्हीवर सामना चालू असताना एका किकरचा नेम चुकला आणि बायको म्हणाली, हे तर तूही करशील. झालं, गडी सरावाला लागला! यूएसएफएल या छोट्या लीगमधल्या बर्मिंगहॅम स्टॅलियन्सकडून दोन मोसम खेळून २०२३ मध्ये तो काउबॉइजकडे आला. डॅलसजवळ प्लेनोत राहणारा माझा एक आयटीवाला मित्र त्याला अजून ‘आपल्या लायनीतला’ म्हणतो.

पहिल्याच सामन्यात त्याचा एक्स्ट्रा पॉइंट, म्हणजे टचडाउननंतरचा एका गुणाचा फटका, हुकला. त्यानंतर सलग ३५ फील्ड गोल, कारकिर्दीच्या सुरुवातीला असं कुणालाच जमलं नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये बाल्टिमोरविरुद्ध त्याने ६५ यार्डांवरून गोल केला. आपल्या अंदाजासाठी सांगतो: पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून निदान ६५ यार्ड दूर हवी. तेवढ्या अंतरावरून दोन खांबांच्या मधून चेंडू काढायचा.

पण येत्या मोसमाचा हिशेब नुसत्या पायावर मांडता येत नाही. बहुतेक फँटसी लीगमध्ये जवळच्या फील्ड गोलला ३ गुण, चाळीशीतल्याला ४ आणि पन्नास यार्डांपुढच्याला ५. एक्स्ट्रा पॉइंटला मात्र एकच. म्हणजे संघाने चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केला तर किकरच्या ताटात चतकोर. हातातोंडाशी आलेला घास निसटून संघाला फील्ड गोलवर भागवावं लागलं तर अख्खी भाकरी. किकरला चांगला असतो तो अर्धवट यशस्वी संघ.

काउबॉइजकडे पाहा. २०२३ मध्ये ते १२ सामने जिंकले. ऑब्रेचे ३८ पैकी ३६ फील्ड गोल, वर ४९ एक्स्ट्रा पॉइंट, मैदानावरचे एकूण १५७ गुण. २०२४ मध्ये क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट जखमी झाला, संघ ७ विजयांवर अडकला आणि एक्स्ट्रा पॉइंट ३० वर आले. ऑब्रेचे गुण तरीही १५०! फील्ड गोल ४७ पैकी ४०, त्यातले १४ पन्नासच्या पुढचे. संघ गडगडला तरी त्याला फारशी झळ लागली नाही, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत इथेच दिसते. शिवाय घरचं मैदान छताचं, वाऱ्याची कटकट कमी.

धोका आहेच. जस्टिन टकर कित्येक वर्षं लीगमधला सर्वांत अचूक किकर मानला जायचा. २०२४ मध्ये त्याचे ३० पैकी २२ च गोल झाले. तेव्हा ऑब्रेसाठी मी दहाव्या फेरीच्या आधी हात वर करणार नाही. त्याच्या हातात नसलेल्या गोष्टी फार. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात, क्लीव्हलँडला, त्याचा ६६ यार्डांचा फटका खांबांमधून आरपार गेला होता. पण काउबॉइजनी खेळ सुरू करायला उशीर लावल्याची शिट्टी आधीच वाजली होती. गुण शून्य, फँटसीतही शून्य.