क्वांटम डॉटमधील इलेक्ट्रॉन वहन आणि नॉइज

अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन काही दहा ते काही शे नॅनोमीटर रुंदीच्या जागेत सर्व बाजूंनी कोंडले गेले, की त्यांच्या ऊर्जापातळ्या अणूतल्यासारख्या सुट्या होतात. अशा जागेला क्वांटम डॉट म्हणतात. त्याला दोन बाजूंनी विद्युत अग्रे जोडून व्होल्टेज दिले, तर इलेक्ट्रॉन एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. सरासरी प्रवाहावरून हे वहन किती होते ते समजते. ते कसे होते, हे त्या प्रवाहातील चढउतारांवरून, म्हणजे नॉइजवरून समजते.

२०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या डॉटसाठी मौंजी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई एकिमोव्ह यांना मिळाले, ते काचेत किंवा द्रावणात घडणारे, आकारानुसार रंग बदलणारे स्फटिककण होत. वहनाच्या प्रयोगांत मात्र प्रामुख्याने गॅलियम आर्सेनाइडच्या थरांवर धातूच्या बारीक पट्ट्या बसवून, त्यांना ऋण व्होल्टेज देऊन खालच्या इलेक्ट्रॉनांच्या थरात कोंडवाडा तयार केला जातो. कार्बन नॅनोट्यूब, नॅनोतारा आणि अलीकडे सिलिकॉन यांतही असे डॉट करतात. १९९६ मध्ये सेइगो तारुचा आणि सहकाऱ्यांनी गोल, उभ्या घडणीच्या डॉटमध्ये एकेक इलेक्ट्रॉन भरत नेला, तेव्हा २, ६ आणि १२ इलेक्ट्रॉनांना कवच पूर्ण होताना दिसले. ‘कृत्रिम अणू’ हे नाव उगाच पडलेले नाही.

कूलॉम अवरोध

डॉटमध्ये एक इलेक्ट्रॉन असताना दुसरा आणायचा, तर त्यांच्यातील प्रतिकर्षणावर मात करावी लागते. त्यासाठीची ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉनभाराचा वर्ग भागिले डॉटची धारकता. धारकता १०⁻¹⁶ फॅरड धरली तर ही ऊर्जा १.६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट येते, म्हणजे साधारण १९ केल्विन तापमानाइतकी. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असल्याने तिथे हा परिणाम पार बुडून जातो. म्हणूनच हे प्रयोग हीलियमच्या मिश्रणावर चालणाऱ्या शीतकात, एका केल्विनच्याही बऱ्याच खाली, करावे लागतात. दुसरी अट अशी, की डॉट आणि अग्रे यांच्यामधल्या, इलेक्ट्रॉन ओलांडून जातात त्या दोन्ही अडथळ्यांचा रोध २५.८ किलोओहमपेक्षा (प्लांक स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनभाराचा वर्ग) बराच जास्त हवा. तसे नसेल तर इलेक्ट्रॉन आत आहे की बाहेर, हे म्हणण्यालाच अर्थ उरत नाही.

या अटी पाळल्या की प्रवाह बहुतेक वेळा बंदच राहतो (हाच कूलॉम अवरोध) आणि ठरावीक गेट व्होल्टेजला, म्हणजे डॉटजवळच्या पट्टीवरील व्होल्टेजला, तेवढा वाहतो. गेट व्होल्टेज आडव्या अक्षावर व दोन टोकांमधील व्होल्टेज उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर प्रवाह नसलेले भाग शंकरपाळ्यांसारखे एकाला एक लागून दिसतात. प्रत्येक शंकरपाळ्यात इलेक्ट्रॉनांची संख्या कायम असते आणि शेजारच्यात ती एकाने बदलते. एकेकट्या इलेक्ट्रॉनाच्या वहनाचा असा परिणाम बेल प्रयोगशाळेतील थिओडोर फुल्टन आणि जेराल्ड डोलन यांनी १९८७ मध्ये ॲल्युमिनियमच्या टनेल संधींवर (मध्ये पातळ विद्युतरोधी थर असलेल्या जोडांवर) दाखवला.

नॉइज कशाची

औष्णिक नॉइज कोणत्याही रोधात असते. जॉन जॉन्सन यांनी ती मोजली आणि हॅरी नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले; दोघांचे निबंध १९२८ चे. तिच्यावरून तापमान व वाहकता यांपलीकडे काही कळत नाही, पण तापमापक म्हणून ती फार उपयोगी आहे. शॉट नॉइज मात्र प्रवाह वाहत असतानाच येते, कारण विद्युतभार अखंड नसून एकेका इलेक्ट्रॉनाच्या रूपात येतो. निर्वात नळ्यांचा विचार करताना वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ मध्ये दाखवले, की इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल न घेता यदृच्छया येत असतील, तर नॉइजची वर्णपटीय घनता (वारंवारतेच्या दर हर्ट्झमागे असणारी नॉइज) दुप्पट इलेक्ट्रॉनभार गुणिले प्रवाह इतकी असते. प्रत्यक्ष नॉइजला या मूल्याने भागले की फॅनो गुणांक मिळतो. उगो फॅनो यांनी ही कल्पना १९४७ मध्ये आयनीभवनाच्या संदर्भात मांडली होती; इलेक्ट्रॉनिकीत ती नंतर आली.

हा गुणांक १ असेल तर इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे येत आहेत, १ पेक्षा कमी असेल तर अंतर राखून, आणि जास्त असेल तर झुंडीने. एक पातळी आणि दोन्ही बाजूंना सारखेच अडथळे असलेल्या डॉटला तो १/२ येतो. आतला इलेक्ट्रॉन बाहेर पडल्याशिवाय पुढचा आत येऊ शकत नाही. त्यामुळे लागोपाठच्या दोन निर्गमनांमधला काळ दोन स्वतंत्र प्रतीक्षांची बेरीज असतो: रिकामा डॉट भरण्याची आणि भरलेला डॉट रिकामा होण्याची. अशा बेरजेतील सापेक्ष चढउतार एकेकट्या प्रतीक्षेपेक्षा कमी असतो. सरासरी १००० इलेक्ट्रॉन जाणाऱ्या कालावधीत पूर्ण यदृच्छ प्रवाहात विचलन ३२ च्या आसपास असते. या डॉटमध्ये ते २२ वर येते. एक अडथळा दुसऱ्यापेक्षा खूप जाड केला, की सारा वेळ त्याच्याच प्रतीक्षेत जातो आणि गुणांक पुन्हा १ कडे सरकतो. इलेक्ट्रॉनाचा स्पिन, म्हणजे ‘वर’ किंवा ‘खाली’ अशा दोनच अवस्था असलेला अंगभूत गुण, धरला तर बारकावा वाढतो. रिकाम्या डॉटमध्ये कोणत्याही स्पिनचा इलेक्ट्रॉन शिरू शकतो, म्हणून आत येण्याचा दर दुप्पट होतो आणि सारख्या अडथळ्यांनाही गुणांक ५/९ येतो. सरासरी प्रवाहाच्या एका आकड्यातून यातले काहीच वेगळे काढता येत नाही.

रुंद वाटा असलेल्या, कूलॉम अवरोध नसलेल्या गोंधळी आकाराच्या डॉटमध्ये हाच गुणांक १/४ येतो. तिथे कारण वेगळे आहे: पाउली अपवर्जन (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा नियम) आणि इलेक्ट्रॉन-तरंगांचे आंशिक परावर्तन.

मोजमाप

एक नॅनोअँपिअर प्रवाहाची शॉट नॉइज दर वर्गमूळ-हर्ट्झला सुमारे १८ फेम्टोअँपिअर भरते, आणि डॉटमधील प्रवाह बहुधा याहूनही कमी असतो. खोलीतल्या प्रवर्धकाची स्वतःची नॉइज ती सहज झाकून टाकते. शिवाय कमी वारंवारतेला वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात वाढणारी नॉइज असतेच. आसपासच्या स्फटिकात अडकून-सुटणाऱ्या भारांमुळे ती येते. म्हणून मोजमाप काही मेगाहर्ट्झवर, अनुनादी परिपथ लावून आणि ४ केल्विनला ठेवलेला प्रवर्धक वापरून करतात. दोन प्रवर्धक समांतर लावून फक्त त्यांच्या सामाईक भागाचा सहसंबंध घेतला, की दोघांचीही वैयक्तिक नॉइज सरासरीत गळून जाते. डॉट बनवण्यापेक्षा ही यंत्रणा शांत ठेवण्यातच जास्त कष्ट जातात, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉन मोजणे. डॉटच्या अगदी शेजारी एक अरुंद वाट, म्हणजे क्वांटम पॉइंट काँटॅक्ट, ठेवतात. डॉटमध्ये इलेक्ट्रॉन आला की त्याच्या प्रतिकर्षणाने या वाटेतला प्रवाह किंचित घटतो, गेला की पूर्ववत होतो. पडद्यावर दोन पातळ्यांमध्ये उड्या मारणारी रेषा दिसते आणि प्रत्येक उडी म्हणजे एक इलेक्ट्रॉन. खालच्या पातळीवरच्या मुक्कामांवरून बाहेर पडण्याचा दर मिळतो आणि वरच्यांवरून आत येण्याचा. दोन अडथळे असे वेगवेगळे वाचता येतात. सेकंदाला हजार इलेक्ट्रॉन म्हणजे ०.१६ फेम्टोअँपिअर. साध्या अमीटरला असा प्रवाह असल्याचेही कळणार नाही.

झुरिकच्या ईटीएचमध्ये क्लाउस एन्सलिन यांच्या गटाने २००६ मध्ये याच पद्धतीने ठरावीक काळात किती इलेक्ट्रॉन गेले याचे संपूर्ण वितरण मिळवले. सममित डॉटला ते अपेक्षेप्रमाणे अरुंद निघाले. अशा पूर्ण गणनेचा सिद्धांत लिओनिद लेव्हितोव्ह आणि गॉर्डे लेसोविक यांनी १९९३ मध्येच मांडला होता. पद्धतीला मर्यादा आहेत. शोधक संथ असल्याने झटपट आत-बाहेर झालेले इलेक्ट्रॉन निसटतात, आणि एकाच डॉटमध्ये आलेला इलेक्ट्रॉन डावीकडून आला की उजवीकडून, हे कळत नाही. जपानमध्ये तोशिमासा फुजिसावा आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी एकमेकांना जोडलेले दोन डॉट वापरून दिशाही ओळखली. शोधकातील प्रवाहही निरुपद्रवी नसतो. तो डॉटला ऊर्जा देऊन आतल्या इलेक्ट्रॉनाला ढकलू शकतो.

झुंडी आणि कोंडो

डॉटमध्ये दोन पातळ्या असून एकीचा बाहेरच्या अग्रांशी संबंध घट्ट व दुसरीचा सैल असेल, तर सैल पातळीत बसलेला इलेक्ट्रॉन वाट अडवून धरतो. तो गेला की घट्ट पातळीतून एकामागोमाग अनेक जातात, मग पुन्हा खंड. गुणांक १ च्या वर चढतो. इलेक्ट्रॉनांमध्ये प्रतिकर्षण असताना त्यांनी झुंडीने जावे, हे प्रथम वाचताना विचित्र वाटते. पण इथे झुंड आकर्षणामुळे नव्हे, अडवणुकीमुळे तयार होते.

इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल आणि तापमान पुरेसे उतरवले, तर अवरोध असायला हवा तिथेच वाहकता वाढू लागते. डॉटमधील एकटा स्पिन बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी एकत्रितपणे बांधला जातो. हा कोंडो परिणाम. डॉटमध्ये तो १९९८ मध्ये दिसला. २००६ मध्ये एरन सेला आणि सहकाऱ्यांनी भाकीत केले, की या अवस्थेत परावर्तित प्रवाहाच्या नॉइजमधून मिळणारा परिणामी भार इलेक्ट्रॉनभाराच्या ५/३ पट असेल. भार खरोखर अपूर्णांकी झालेला नसतो. एक आणि दोन इलेक्ट्रॉन परतवणाऱ्या घटनांची ती भारित सरासरी आहे. नंतरच्या प्रयोगांत या आकड्याशी जुळणारी मापने मिळाली. १९९७ मध्ये अपूर्णांकी क्वांटम हॉल अवस्थेत (प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनांच्या पातळ थराच्या एका अवस्थेत) शॉट नॉइजने मोजलेला एक तृतीयांश भार याहून वेगळा. तो तिथल्या कणांचा स्वतःचा भार मानला जातो.

इलेक्ट्रॉन पंप

गेटच्या प्रत्येक आवर्तनाला डॉटमधून नेमका एक इलेक्ट्रॉन पुढे ढकलला, तर प्रवाह केवळ वारंवारता गुणिले इलेक्ट्रॉनभार इतका होतो: एक गिगाहर्ट्झला १६० पिकोअँपिअर. २०१९ पासून अँपिअरची व्याख्या इलेक्ट्रॉनभाराच्या निश्चित मूल्यावर, १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलॉमवर, आधारलेली असल्याने असे पंप मापनशास्त्राला महत्त्वाचे वाटतात. आदर्श पंपात शॉट नॉइज शून्य असते. जी उरते ती चुकलेल्या आवर्तनांची. जर्मनीच्या पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेने २०१५ मध्ये अशा पंपाचा प्रवाह दशलक्षात ०.२ भाग इतक्या अनिश्चिततेने पडताळला.