टॅक्रोलिमसचा डोस प्रत्येकाला वेगळा का लागतो? थोडी पार्श्वभूमी

किडनी ट्रान्सप्लांट झालेले लोक एकमेकांशी बोलायला लागले की हा प्रश्न हमखास निघतो, वजन सारखंच, मग त्याला टॅक्रो (म्हणजे टॅक्रोलिमस, शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) दिवसाला ४ मिलिग्रॅम पुरतं आणि मला ९ घेऊनही रक्तातली लेव्हल वर का येत नाही. काही जण घाबरतात की नवीन किडनीतच काहीतरी गडबड आहे. बहुतेक वेळा तसं नसतं, उत्तराचा मोठा भाग जीन्समध्ये आहे, पण ते कळायला बरीच वर्षं गेली.

१९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी पहिला यशस्वी ट्रान्सप्लांट केला तेव्हा हा प्रश्नच नव्हता, कारण डोनर आणि पेशंट आयडेंटिकल जुळे भाऊ होते, जीन्स सारखेच त्यामुळे रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, नाही. बाकीच्यांसाठी औषध हवं होतं. हिचिंग्ज आणि एलियन या अमेरिकन औषध संशोधकांच्या लॅबमधून अझाथायोप्रिन हे रिजेक्शन रोखणारं औषध आलं आणि साठच्या दशकात नातं नसलेल्याची किडनीही टिकायला लागली. पण काही पेशंटच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्याच डोसवर धोकादायक इतक्या खाली जायच्या. १९८० मध्ये वाइनशिलबॉम या अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की हे औषध शरीरात निकामी करणारं टीपीएमटी नावाचं एन्झाइम साधारण ३०० पैकी एकात जवळजवळ नसतंच आणि हे आनुवंशिक आहे. तरी आशियाई लोकांमधल्या सगळ्या केसेसचा उलगडा होईना, तो बराचसा २०१४ मध्ये याच त्रासाशी जोडलेला एनयूडीटी१५ हा दुसरा जीन सापडल्यावर झाला.

मधल्या काळात नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन रोखणारं नवीन औषध आलं, मग १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या बॅक्टेरियातून टॅक्रोलिमस. दोन्ही औषधं जबरदस्त, पण कमी पडली तर रिजेक्शन आणि जास्त झाली तर तीच किडनीला त्रास देतात, म्हणून सारखी रक्तातली लेव्हल बघावी लागते. आणि डॉक्टरांच्या लक्षात येत होतं की आफ्रिकन वंशाच्या पेशंटना टॅक्रो बरंच जास्त लागतं.

कोडं सुटलं २००१ मध्ये. सीवायपी३ए५ हे एन्झाइम आतड्यात आणि लिव्हरमध्ये टॅक्रोलिमस मोडून टाकतं. त्याच्या जीनमध्ये एका ठिकाणी ए ऐवजी जी हे अक्षर आलं की जीनचा निरोप चुकीचा जोडला जातो आणि चालणारं एन्झाइम जवळजवळ बनतच नाही. युरोपियन वंशाच्या बहुतेकांकडे दोन्ही कॉपी अशा बंद असतात, आफ्रिकन वंशाच्या बहुतेकांकडे निदान एक चालू असते. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ज्यांना जास्त डोस लागतो त्यांच्यात काही बिघाड नाहीये, उलट त्यांचंच एन्झाइम शाबूत आहे, आपण ज्याला नॉर्मल डोस म्हणतो तो खरं तर एन्झाइम बंद असलेल्यांचा डोस आहे! आणि इथे मुख्यतः पेशंटचे स्वतःचे जीन्स बघायचे असतात, कारण औषध मोडणारं लिव्हर आणि आतडं त्याचंच असतं.

मग आधीच जीन टेस्ट करून डोस ठरवला तर? २०१० मध्ये फ्रान्समधल्या ट्रायलमध्ये तसं केल्यावर जास्त पेशंटची लेव्हल लवकर टार्गेटमध्ये आली, पण रिजेक्शनमध्ये फरक दिसला नाही. नंतर नेदरलँड्सच्या ट्रायलमध्ये तर लेव्हलचाही खास फायदा दिसला नाही. २०१५ च्या सीपीआयसी (जीन रिपोर्टवरून औषधाचा डोस कसा ठरवायचा हे सुचवणारा तज्ज्ञांचा गट) गाइडलाइनमध्ये म्हणूनच एवढंच आहे की रिपोर्ट हातात असेल आणि एन्झाइम चालू असेल तर सुरुवातीचा डोस दीड ते दोन पट ठेवा आणि पुढे लेव्हल बघून बदला, सगळ्यांनी टेस्ट कराच असं त्यात नाही. हे मला पटतं, कारण जीन सोडून बाकी गोष्टीही लेव्हल हलवतात, जुलाब झाले किंवा फ्लुकोनाझोलसारखं बुरशीवरचं औषध सुरू झालं की लेव्हल वर जाते, टीबीवरच्या रिफॅम्पिसिनने एकदम खाली येते, आणि असं औषध सुरू करताना किंवा बंद करताना ट्रान्सप्लांट टीमला आधी सांगावंच लागतं, जीन रिपोर्ट काहीही असो.