मिजिगिती ते दोन सह्या

फोंड्याच्या साफा मशिदीच्या तळीला जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत. खाली उतरलं की भिंतीत मेहराबीच्या घाटाचे कोनाडे दिसतात. मशीद आदिलशाहीतली, 1560 च्या सुमाराची. त्याच साली खाडीपलीकडे, पोर्तुगीजांच्या गोवा शहरात, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं.

पण गोव्यातला इस्लाम आदिलशहापेक्षा बराच जुना. अकराव्या शतकातला, गोव्याच्या कदंब घराण्यातल्या राजा पहिल्या जयकेशीचा ताम्रपट पाहा. गोपकपट्टणचा, म्हणजे थोरल्या गोव्याचा, कारभार राजाने एका अरब व्यापारी घराण्यातल्या माणसाकडे सोपवला होता. त्याने मशीद बांधली. ताम्रपटात तिला 'मिजिगिती' म्हटलं आहे. तिच्या खर्चासाठी बंदरातल्या गलबतांवर कर बसला. कदंब सप्तकोटेश्वराचे, म्हणजे शिवाचे, भक्त, कारभारी नमाजी, आणि दोघांनाही आपापला देव सोडावा लागला नाही. यात उदारपणा किती आणि बंदराचा हिशेब किती? माझ्या मते हिशेबच जास्त, आणि तसा असायला हरकतही नाही.

कुराणातलं 'ला इक्राह फिद्दीन', म्हणजे धर्मात सक्ती नाही, हे वचन सगळेच सांगतात. मला कुराणातलाच सूरा काफिरून हा अध्याय अधिक बोलका वाटतो. 'तुम्हाला तुमचा धर्म, मला माझा' हा त्याचा शेवट, पण सुरुवात ठाम नकाराची आहे: तुम्ही ज्याची उपासना करता त्याची मी करत नाही. श्रद्धा पातळ न करता शेजार राखायचा, तो असा.

25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा शहर घेतलं आणि मुसलमानांची कत्तल केली. तसं त्यानेच राजाला कळवलं. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजातींत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखात. तोवर त्यांचं धोरण मवाळ झालं होतं.

पुढे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आली, ती बऱ्याच अंशी आजही आहे. मुसलमानांचे लग्न-वारशाचे व्यवहार शरियतप्रमाणे चालवणारा 1937 चा कायदा गोव्याला लागू नाही. त्यामुळे निकाह काझी लावतो, पण कायद्याचं लग्न नोंदणी कार्यालयात ठरतं: आधी एक सही, काही दिवसांनी दुसरी. दुसऱ्या लग्नाची मुभा मुसलमानाला नाही. गंमत म्हणजे 1880 च्या फर्मानाने ती काही अटींवर दिली होती हिंदूंना. शरियत लागू करा, अशी मागणी 1980 च्या दशकात झाली, तेव्हा विरोधाला मुसलमान बायकाच पुढे आल्या. त्यात नमाज सोडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना ती दुसरी सही हवी होती.