विमानांच्या स्केल मॉडेलमधील मापदुरुस्ती

प्लास्टिकच्या किटमधून जोडलेले विमान मूळ विमानाच्या मापांशी व आकाराशी जुळत नसेल, तर त्याचे भाग कापून, घासून, भर घालून ते जुळवण्याचे काम. १:७२ आणि १:४८ ही त्यासाठीची नेहमीची प्रमाणे. चूक बहुधा साच्याच्या आधीची असते. ज्या आराखड्यावरून साचा कापला तोच चुकलेला असतो. काही जुन्या किटांचे प्रमाण तर खोक्यात काय मावते यावरून ठरलेले आहे.

कानस हातात घेण्याआधी मोजावे. मिग-२१चा पंखविस्तार ७.१५४ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये तो ९९.४ मिलिमीटर भरला पाहिजे. दोन मिलिमीटर कमी भरले, तर खऱ्या विमानाचे चौदा सेंटिमीटर गेले. कोन मात्र प्रमाणाबरोबर लहान होत नाहीत. या पंखाची पुढची कड धडाच्या काटकोनातल्या रेषेपासून ५७ अंश मागे झुकलेली असते आणि ती ताडून पाहायला कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. मापासाठी चांगला व्हर्निअर, म्हणजे सरकत्या जबड्यांची बारीक मोजपट्टी, हवाच. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरात तो सहज मिळतो. नुसत्या फोटोवर विसंबू नये. जवळून टिपलेल्या फोटोत नाक फुगते, शेपटी आखडते. आधी प्रसिद्ध मापे, मग आराखडा, मग फोटो हा क्रम सोडला की दुरुस्तीच नवी चूक होऊन बसते.

भारतीय मिग-२१ची खरी परीक्षा त्याच्या पाठीवर होते. हवाई दलात १९६३ ते २०२५ या काळात एफएल, एम, बिस असे त्याचे निरनिराळे प्रकार होते. एफएलची कॉकपिटमागची पाठ सडपातळ, बिसची भरदार. एफएलची पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी, पुढे आलेली बारीक नळी) नाकावर मधोमध, एम आणि बिसची वैमानिकाच्या उजवीकडे सरकलेली. नळी हलवणे पाच मिनिटांचे काम. पाठ भरायला मात्र दिवस जातात. पाठीवर थोड्या थोड्या अंतराने प्लास्टिक शीटच्या कमानी उभ्या चिकटवतात, मधल्या जागा पुट्टीने भरतात आणि कमानींची पांढरी कड पुट्टीतून केसाएवढी डोकावेपर्यंत घासतात. कड दिसली की हात थांबवायचा.

धड आखूड असेल तर छेद जाडी सारखी राहते तिथे घ्यावा. निमुळत्या जागी कापून शीट घातली, तर सांध्यावर पायरी पडते.

खास मॉडेलची पुट्टी मागवत बसण्यापेक्षा गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी बरी, पण थर पातळच हवा; जाड थरातला थिनर प्लास्टिक मऊ करतो. सुपरग्लू आणि टाल्कम पावडर यांचे मिश्रणही चांगले भरते, मात्र ते त्याच दिवशी घासावे, नंतर ते प्लास्टिकपेक्षा कठीण होते. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने आवळतो. म्हणून परभणी-नांदेडकडच्या कोरड्या मे महिन्यात तो रेंगाळतो, तर श्रावणात पटकन धरतो आणि कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर, पांढरी धूसर साय आणू शकतो. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात पातळ पंख ठेवू नयेत, ते वाकतात.

घासताना पुसलेल्या पॅनलच्या (पत्र्यांच्या सांध्यांच्या) रेषा शेवटी सुईने पुन्हा कोरतात. ०.३ मिलिमीटरची रेषा १:७२ मध्ये दोन सेंटिमीटरहून रुंद फट ठरते, म्हणून इथे सुई जेमतेम टेकवावी.