विंटेज मोटारीतील चार्जिंगची देखरेख

इंजिन चालू असताना डायनॅमो (इंजिनाच्या जोरावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) बॅटरी भरतो आहे, की बॅटरीच गाडीचा सगळा भार सोसते आहे, हे मापकांवरून ओळखण्याची पद्धत. काटेकोर अर्थाने विंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३० या काळातल्या मोटारी. पण डायनॅमो असलेल्या १९६० च्या दशकापर्यंतच्या गाड्यांनाही पुढचे बहुतेक लागू पडते.

डॅशबोर्डवर सहसा ॲमीटर, म्हणजे प्रवाह मोजणारा मापक असतो, शून्य मध्यभागी. स्टार्टर शेकडो ॲम्पियर ओढतो, म्हणून त्याची जाड तार ॲमीटर टाळून जाते. बॅटरीचा बाकी सारा प्रवाह त्यातूनच ये-जा करतो. काटा भरण्याच्या बाजूला असेल तर बॅटरी भरते, दुसऱ्या बाजूला गेला तर उतरते. गाडी सुरू होताच काटा भरण्याच्या बाजूला झेपावतो आणि थोड्या वेळाने शून्याजवळ येऊन थांबतो. नवखा माणूस इथे घाबरतो. रेग्युलेटर, म्हणजे डायनॅमोचे व्होल्टेज आवरणारे साधन असलेल्या गाडीत हे चांगलेच लक्षण आहे, कारण भरत आलेली बॅटरी कमी प्रवाह घेते.

फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए मध्ये मात्र हाच काटा वेगळे बोलतो. त्यांच्या डायनॅमोत व्होल्टेजचे नियंत्रण नाही. किती प्रवाह निघावा हे तिसऱ्या ब्रशची (डायनॅमोच्या फिरत्या भागाला टेकून प्रवाह घेणाऱ्या तुकड्याची) जागा ठरवते आणि तो हाताने सरकवावा लागतो. बॅटरी भरली तरी चार्जिंग थांबत नाही. दिवसा लांब पल्ला असेल आणि काटा वरच राहत असेल, तर बॅटरीतले पाणी आटते. बॅटरीची जोडणी सुटली तर व्होल्टेज चढते आणि दिवे उडतात. म्हणून गाडीत कोणता डायनॅमो आहे हे कळल्याशिवाय काट्याचा अर्थ लावू नये.

पुढच्या काळात आलेला लाल दिवा डायनॅमो आणि बॅटरी यांच्या व्होल्टेजमधल्या फरकावर पेटतो. तो विझला म्हणजे डायनॅमो वीज निर्माण करतो आहे, इतकेच. ती बॅटरीपर्यंत पोहोचते असे त्यावरून म्हणता येत नाही. इंजिन संथ चालताना तो मंद लुकलुकणे स्वाभाविक आहे.

बॅटरीची खरी अवस्था व्होल्टमीटर सांगतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ दाखवते, ६ व्होल्टची ६.३, रेग्युलेटर नीट असेल तर गाडी चालताना अनुक्रमे १४ आणि ७ च्या आसपास. ॲमीटरचा एखादा नट सैल झाला तर तिथे उष्णता साठून आगही लागू शकते. व्होल्टमीटरला फ्यूज लावलेली बारीक तार पुरते. त्यामुळे मूळ ॲमीटर जागेवर ठेवून नजरेआड एक व्होल्टमीटर बसवणे शहाणपणाचे. मूळ ॲमीटर ३० ॲम्पियरपर्यंतचा असेल, तर त्यातून मोठ्या अल्टरनेटरचा (डायनॅमोच्या जागी बसवलेल्या नव्या प्रकारच्या जनित्राचा) प्रवाह कधीही नेऊ नये.

इंजिन बंद करताच काटा उतरण्याच्या बाजूला टोकापर्यंत जाऊन आदळला, तर कटआउटचे, म्हणजे डायनॅमो थांबताच त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे, संपर्क चिकटलेले असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी बॅटरी उलट डायनॅमोत रिकामी होत असते. बॅटरीची तार ताबडतोब सोडवावी. उशीर झाला तर डायनॅमोची वेटोळी जळतात.