चेतापेशी आणि ग्लिया पेशी यांचे परस्परसंबंध

मेंदूत संदेश वाहून नेणाऱ्या चेतापेशी आणि त्यांच्याभोवती दाटीने वसलेल्या ग्लिया पेशी यांच्यात सतत चालणारी देवाणघेवाण. ‘ग्लिया’ म्हणजे ग्रीक भाषेत सरस किंवा डिंक. रुडॉल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे नाव रूढ केले आणि त्याने या पेशींवर अन्यायच झाला. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडे चेतापेशींमधली भरणी म्हणूनच पाहिले गेले. ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात, हे अनेक पुस्तकांतले विधानही खरे नाही. २००९ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी मेंदूच्या ऊतीचे द्रावण करून त्यातली पेशीकेंद्रके मोजली, तेव्हा सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळपास तितक्याच इतर पेशी आढळल्या.

हे नाते किती जवळचे आहे, ते सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यापाशी, स्पष्ट दिसते. एका पेशीच्या टोकातून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सुटते, सुमारे २० नॅनोमीटरची फट ओलांडते आणि पलीकडच्या ग्राहींना, म्हणजे ते टिपणाऱ्या प्रथिनांना, जाऊन चिकटते. संदेश पोचला. पण ग्लुटामेट तिथेच साचून राहिले, तर पलीकडची पेशी अतिउत्तेजित होऊन मरूही शकते. त्या फटीत त्याचे विघटन करणारे विकर नसते, म्हणून ते उचलूनच न्यावे लागते. हे काम मुख्यतः ॲस्ट्रोसाइट, म्हणजे तारकापेशी करतात. त्यांचे बारीक पापुद्रे अनेक सिनॅप्सना बिलगलेले असतात. आत घेतलेल्या ग्लुटामेटचे त्या ग्लुटामीन करतात आणि ते निरुपद्रवी रूप चेतापेशीला परत देतात. चेतापेशी त्यापासून पुन्हा ग्लुटामेट बनवते. ग्लुकोजपासून ते नव्याने उभे करायला लागणारे एक महत्त्वाचे विकर चेतापेशीत जवळपास नसतेच, त्यामुळे संदेशाचा कच्चा माल तिला शेजारणीकडूनच घ्यावा लागतो. तारकापेशीचे दुसरे टोक रक्तवाहिनीवर टेकलेले असते, तर संदेशानंतर बाहेर साठणारे पोटॅशियमही तीच शोषते.

तारकापेशी स्वतः संदेश देतात का, यावर मात्र वाद आहे. त्यांच्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात, हे १९९० मध्ये दिसले. १९९९ मध्ये ‘त्रिपक्षीय सिनॅप्स’ ही संकल्पना पुढे आली: दोन चेतापेशींसोबत तारकापेशी हा सांध्यातला तिसरा भागीदार. जिवंत मेंदूत तारकापेशी खरोखर किती ‘बोलतात’, यावर अजून एकमत नाही.

मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना वेगळे ओळखले. त्या आपले फाटे सतत हलवत परिसर चाचपत असतात आणि वाढत्या मेंदूतले कमी वापरले जाणारे सिनॅप्स गिळून टाकतात.

ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लिया पेशी अक्षतंतूंवर, म्हणजे चेतापेशींच्या संदेश वाहणाऱ्या लांब तंतूंवर, मायलिन या स्निग्ध आवरणाचे वेटोळे घालतात. त्यामुळे संदेश एका उघड्या टप्प्यावरून दुसऱ्यावर उडी घेत वेगाने जातो. चेतापेशींच्या सक्रियतेनुसार हे आवरण बदलते: नवे मायलिन घडवू न शकणारे उंदीर अनियमित दांड्यांच्या चाकावर धावायला नीट शिकले नाहीत, असे २०१४ मध्ये आढळले. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर हल्ला करते. त्यात केवळ संदेश मंदावत नाहीत. ऑलिगोडेंड्रोसाइटकडून मिळणारे पोषण तुटते आणि उघडा पडलेला अक्षतंतूही कालांतराने झिजतो.